भिंत कोणाची? शाळकरी वयातील राजकीय कला आणि आपण

एप्रिल महिना जवळ आला की वस्तीत ज्यांचा हात चांगला आहे अशा मुला-मुलींना बोलावणे येते. जयंतीचा बॅनर रंगवायचा असतो, विहारासमोर रांगोळी काढायची असते, देखाव्यासाठी पुठ्ठे कापायचे असतात. नववी-दहावी, अकरावी-बारावीची ही मुले रात्री जागून काम करतात आणि सगळे त्यांचे कौतुक करतात. त्यांतल्याच एखाद्या मुलीने पुढच्या महिन्यात थकलेल्या शिष्यवृत्तीवर, वसतिगृहातल्या जेवणावर किंवा वस्तीत रात्री येणाऱ्या पोलिसांच्या गाडीवर चित्र काढले, की मात्र सूर बदलतो. "हे राजकारण तुझ्या वयाचे नाही, आधी दहावी नीट काढ," असे घरचेही सांगतात आणि शाळेतले सरही.

या सल्ल्यामागे काळजी असते, हे आम्ही जाणतो. ज्या घरात पहिल्यांदाच कोणी शिकत आहे, तिथे एक वर्ष वाया जाणे परवडत नाही. म्हणून मुलांना नुसते "काढा, घाबरू नका" म्हणून भागणार नाही. राजकीय चित्र काढणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाजूने कायदा किती उभा राहतो, कुठे हात काढून घेतो आणि तिथे आपले काम कुठे सुरू होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. त्यासाठी अमेरिकेतल्या एका हायस्कूल विद्यार्थ्याच्या चित्राचे प्रकरण आम्हाला उपयोगी वाटते. ते आधी सांगतो आणि मग आपल्याकडे येतो.

राजकीय म्हणजे पक्षाचे नव्हे

राजकीय कला म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे निवडणुकीचे पोस्टर येते. ते पक्षाच्या प्रचाराचे काम झाले. आम्ही बोलतो आहोत ते वेगळ्या चित्राबद्दल. नळाला पाणी कोणत्या गल्लीत दोन तास येते आणि कोणत्या गल्लीत वीस मिनिटे, हे ज्या चित्रात दिसते ते राजकीय चित्र. निर्णय कोण घेतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न ज्या कामातून पुढे येतो ते राजकीय काम. मग ते चित्र असो, पथनाट्य असो, गाणे असो वा फलकावरची दोन वाक्ये.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्यांना स्मरणचित्राचा पेपर आठवत असेल. बाजार, बसथांबा, सण असे विषय येतात आणि डोळ्यांनी पाहिलेले मनातून कागदावर उतरवायचे असते. राजकीय चित्राचा पाया हाच आहे. जे पाहिले ते नीट आठवायचे आणि लपवायचे नाही. फरक एवढाच की परीक्षेच्या चित्रात रांगेत उभी असलेली माणसे सुबक दिसली की गुण मिळतात. राजकीय चित्रात ती रांग का लागली आहे, हेही दिसावे लागते.

वॉशिंग्टनमधले एक चित्र

अमेरिकेत १९८२ पासून तिथल्या काँग्रेसतर्फे हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी चित्रकला स्पर्धा होते. प्रत्येक मतदारसंघातून एक चित्र निवडले जाते आणि अशी चारशेहून अधिक चित्रे वर्षभर राजधानी वॉशिंग्टनमधील संसद परिसरात, खासदारांची कार्यालये आणि कॅपिटॉल यांना जोडणाऱ्या भुयारी मार्गात लावली जातात. २०१६ मध्ये मिझुरी राज्यातील सेंट लुईस भागातून डेव्हिड पल्फस या विद्यार्थ्याचे चित्र निवडले गेले. त्या भागाचे खासदार होते लेसी क्ले.

सेंट लुईसला लागूनच फर्ग्युसन हे छोटे शहर आहे. ९ ऑगस्ट २०१४ रोजी तिथे मायकेल ब्राऊन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसाच्या गोळीने मारला गेला. शस्त्र त्याच्याजवळ नव्हते. त्यानंतर अनेक दिवस लोक रस्त्यावर होते. पल्फस याच परिसरात वाढत होता. त्याच्या चित्रात तो रस्ता आहे, मागे सेंट लुईसची प्रसिद्ध कमान आहे. बंदूक रोखलेल्या पोलिसांना रानडुकरासारखी तोंडे आहेत आणि त्यांच्यासमोरच्या निदर्शकाला लांडग्यासारखे. एका बाजूला पदवीची टोपी घातलेला कृष्णवर्णीय तरुण क्रुसावर चढवल्यासारखा दिसतो आणि त्याच्या हातांत न्यायाचा तराजू आहे.

चित्र जून २०१६ मध्ये लागले. पुढचे सहा महिने हजारो लोक त्याच्यासमोरून गेले आणि काहीही झाले नाही. डिसेंबरच्या शेवटी काही माध्यमांनी त्याच्यावर टीका सुरू केली, पोलिसांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. ६ जानेवारी २०१७ रोजी डंकन हंटर या खासदाराने स्वतःच्या हाताने ते भिंतीवरून काढले आणि क्ले यांच्या कार्यालयात नेऊन ठेवले. १० जानेवारीला क्ले आणि कृष्णवर्णीय खासदारांच्या गटाने ते परत लावले. त्याच दिवशी दुसऱ्या खासदारांनी ते पुन्हा उतरवले, पुन्हा लावले गेले, पुन्हा उतरवले गेले. शेवटी इमारतीचा कारभार पाहणाऱ्या अधिकाऱ्याने स्पर्धेच्या नियमावर बोट ठेवले. चालू राजकीय वादाचे किंवा सनसनाटी विषय चालणार नाहीत, असा तो नियम होता. १७ जानेवारीला चित्र कायमचे उतरले. आदल्या दिवशी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती.

पल्फस आणि क्ले न्यायालयात गेले. एप्रिल २०१७ मध्ये न्यायाधीश जॉन बेट्स यांनी अंतरिम दिलासा नाकारला. चित्र त्यातल्या मतामुळेच काढले गेले यात फारशी शंका नाही, असे त्यांनी मान्य केले. तरीही ते प्रदर्शन सरकारचे आहे, त्या भिंतीवर काय बोलायचे हे सरकार ठरवू शकते, म्हणून अभिव्यक्तीचे संरक्षण तिथे लागू होत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. वरच्या न्यायालयात प्रकरण पोहोचेपर्यंत प्रदर्शनाची मुदत संपली होती. २०१८ मध्ये, आता निर्णय देण्यासारखे काही उरले नाही म्हणून अपील निकाली निघाले.

दंड, पान आणि भिंत

हा निकाल ऐकून राग येतो. पण तो नीट वाचला की एक गोष्ट लक्षात येते. अशा प्रकरणांत चित्र चांगले की वाईट, यापेक्षा ते कुठे लावले आहे याला न्यायालये जास्त महत्त्व देतात. अमेरिकेतलीच आणखी दोन प्रकरणे शेजारी ठेवली की हे स्पष्ट होते.

डिसेंबर १९६५ मध्ये आयोवा राज्यातील डेमॉइन शहरात काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत गेले. त्यांतली मेरी बेथ टिंकर १३ वर्षांची होती. शाळेने त्यांना घरी पाठवले. २४ फेब्रुवारी १९६९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने विद्यार्थ्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या दारात आल्याने विद्यार्थ्याचे अभिव्यक्तीचे अधिकार संपत नाहीत. शिकवण्यात प्रत्यक्ष अडथळा येत नसेल तर शाळेला त्याचे मत दाबता येणार नाही, हे तत्त्व तिथून पुढे रूढ झाले.

दुसरे प्रकरण सेंट लुईसजवळच्याच हेझलवूडचे. १९८३ मध्ये तिथल्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्यांच्या वृत्तपत्रातली दोन पाने काढून टाकली. त्यांत शाळकरी मुलींचे गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट यांवरचे लेख होते. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळेची बाजू घेतली. वृत्तपत्र शाळेच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, म्हणून शैक्षणिक कारण असेल तर शाळा त्यात काटछाट करू शकते, असे न्यायालय म्हणाले.

आता तिन्ही एकत्र पाहा. दंड विद्यार्थ्याचा होता, तिथे तो जिंकला. पान शाळेचे होते, तिथे शाळा जिंकली. भिंत सरकारची होती, तिथे सरकार जिंकले. राजकीय काम करणाऱ्या विद्यार्थ्याने कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी विचारायचा प्रश्न यातूनच मिळतो: ही भिंत कोणाची आहे?

आपल्याकडे काय?

भारतीय संविधानाच्या कलम १९(१)(क) ने दिलेले अभिव्यक्ती स्वातंत्र्य सर्व नागरिकांना आहे. त्यात वयाची अट नाही. कलम १९(२) मध्ये त्यावरची वाजवी बंधने दिली आहेत. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतील अनुच्छेद १३ तर मुलाला कलेच्या माध्यमातून व्यक्त होण्याचा हक्क असल्याचे स्पष्ट शब्दांत सांगतो.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येक विद्यार्थी कार्यकर्त्याला माहीत असावा. १९८५ मध्ये केरळात तीन भावंडांना शाळेतून काढण्यात आले. आपल्या धार्मिक श्रद्धेमुळे ती राष्ट्रगीत गात नसत, मात्र ते चालू असताना आदराने उभी राहत. ११ ऑगस्ट १९८६ रोजी न्यायालयाने मुलांना परत शाळेत घेण्याचा आदेश दिला. बिजो इमॅन्युएल खटला म्हणून तो ओळखला जातो. शाळेतही मुलांना विवेक असतो आणि संविधान त्याचे रक्षण करते, हे त्यातून ठरले.

दुसरे उदाहरण अलीकडचे आणि कडू आहे. जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकातील बीदरच्या एका शाळेत मुलांनी नागरिकत्व दुरुस्ती कायद्यावर नाटक केले. त्यावरून राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला. एक शिक्षिका आणि एका विद्यार्थिनीची आई यांना अटक झाली. पोलिसांनी लहान मुलांची पुन्हा पुन्हा चौकशी केली. गणवेशात आणि शस्त्रासह केलेली ती चौकशी मुलांच्या हक्कांचा भंग असल्याचे उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्रथमदर्शनी नोंदवले. २०२३ मध्ये न्यायालयाने तो गुन्हाच रद्द केला. त्याच निकालात, लहान मुलांना शाळेत सरकारी धोरणांवर टीका करायला लावू नये, असेही मत आले. म्हणजे खटला टिकला नाही, पण शाळेच्या रंगमंचाबद्दलची नाराजी टिकली. आणि मधली तीन वर्षे त्या कुटुंबांनी भोगली ती वेगळीच.

आपली भिंत आपण बांधली होती

इथे आपल्या चळवळीचा इतिहास नुसता अभिमानाचा विषय राहत नाही, कामाचा होतो. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले तेव्हा दुसऱ्यांच्या वृत्तपत्रांत जागा मागत राहण्याऐवजी स्वतःचे पान उभे केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांची मदत दिली होती. भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी गावोगावी विचार पोहोचवला तो कोणाच्या नाट्यगृहाच्या तारखेवर अवलंबून न राहता. वस्तीतली मोकळी जागा हाच त्यांचा रंगमंच होता.

पल्फसच्या चित्राशीही आपले एक नाते आहे. पोलिसांना डुकराच्या रूपात दाखवण्याची प्रतिमा अमेरिकेत जुनी आहे. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ब्लॅक पँथर पक्षाच्या वृत्तपत्रात एमरी डग्लस या चित्रकाराने ती घराघरात पोहोचवली. त्याच पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, आणि ती उभी करणारे नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार हे विशी-तिशीतले लेखक-कवी होते. डग्लसची चित्रे छापली जात होती ती पँथरच्या स्वतःच्या वृत्तपत्रात. तीच प्रतिमा संसदेच्या भिंतीवर आली तेव्हा ती उतरवली गेली.

आज आपल्याकडे विहार आहेत, समाजमंदिरे आहेत, अभ्यासिका आहेत, जयंती मंडळे आहेत. या भिंती आपल्या आहेत. वर्षातून एक आठवडा त्या विद्यार्थ्यांच्या चित्रांसाठी द्यायला फार खर्च येत नाही. सुतळी, चिमटे आणि पुठ्ठे एवढ्यात प्रदर्शन उभे राहते. शाळेने नाकारलेले चित्र तिथे लागू शकते, आणि ज्यांच्याबद्दल ते काढले आहे ती माणसे ते पाहू शकतात.

काम करताना काय सांभाळावे

विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी सरळ सांगतो.

एक, विषय जवळचा घ्या. देशातल्या सगळ्या अन्यायाचे एक चित्र काढण्यापेक्षा आपल्या वसतिगृहातल्या एका खोलीत किती मुले राहतात, हे काढा. जवळच्या गोष्टीतले तपशील खोटे ठरवता येत नाहीत.

दोन, माहिती तपासा. फलकावर आकडा लिहायचा असेल तर तो कोणत्या कागदावरून घेतला हे तुम्हाला सांगता आले पाहिजे. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा समाजकल्याण कार्यालयाकडून माहिती अधिकारात कागद मिळवायला घरातल्या मोठ्यांची मदत घ्या. एक चुकीचा आकडा संपूर्ण चित्राला खोटे ठरवायला पुरतो.

तीन, प्रतीक निवडताना थांबून विचार करा. पल्फसच्या चित्रावर एवढी चर्चा झाली, पण ती डुकरांच्या तोंडांवर झाली. तराजू हातात घेतलेल्या त्या तरुणाबद्दल फार कमी बोलले गेले. यात त्या मुलाचा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याने जे पाहिले ते काढले. पण एक प्रतीक बाकीचे चित्र गिळू शकते, हे आधी माहीत असलेले बरे. शिवाय माणसाला जनावर ठरवण्याची भाषा आपल्या आजी-आजोबांनी स्वतःवर झेललेली आहे. ती वापरायची की नाही, हे ठरवताना हा अनुभव विसरू नये. चित्रातली प्रत्येक गोष्ट तिथे का आहे, हे तुम्हाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे.

चार, पीडितांची ओळख जपा. अत्याचाराच्या घटनेवर काम करताना बलात्कारपीडितेचे नाव, चेहरा, गाव किंवा ओळख पटेल असा कोणताही तपशील देऊ नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार आणि बालकांच्या बाबतीत पोक्सो कायद्याच्या कलम २३ नुसार तो गुन्हा आहे. कायदा नसता तरी ही मर्यादा पाळायलाच हवी होती. तिचे दुःख ही आपल्या चित्राची सामग्री नाही.

पाच, दुसऱ्याची भिंत रंगवू नका. विनापरवाना भिंती रंगवल्यास महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याखाली कारवाई होऊ शकते. राष्ट्रध्वज आणि संविधान चित्रात घेताना १९७१ चा राष्ट्रीय सन्मान कायदा लक्षात ठेवा. ध्वज किंवा संविधान जाळणे, फाडणे, विद्रूप करणे हा त्याखाली गुन्हा आहे. कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका मात्र गुन्हा नाही, असे तो कायदाच सांगतो.

सहा, नोंद ठेवा. चित्राचा चांगला फोटो, तारीख, आणि तुम्ही काय म्हणू पाहता याच्या चार ओळी वहीत लिहून ठेवा. स्पर्धेत भाग घेणार असाल तर नियमावली आधी वाचा. पल्फसचे चित्र ज्या नियमावर काढले गेले तो नियम स्पर्धेत आधीच होता. सहा महिने कोणी तो वापरला नाही, आणि गरज पडली तेव्हा तो सापडला.

आपल्याला टोचणारे चित्र

एक अवघड प्रश्न उरतो. चित्र आपल्यालाच दुखावणारे असेल तेव्हा आपण काय करतो? २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. १९४९ मध्ये शंकर यांनी काढलेले ते चित्र होते. त्यात संविधान गोगलगाय होते, तिच्यावर बाबासाहेब बसलेले होते आणि मागे हातात चाबूक घेतलेले नेहरू होते. आपल्या समाजातला संताप खोटा नव्हता. ज्यांच्या पाठीवर चाबकाचा इतिहास आहे त्यांना तो चाबूक केवळ विनोद वाटणार नाही. सरकारने चित्र मागे घेतले. त्याच वेळी पुण्यात पाठ्यपुस्तकाच्या एका सल्लागाराच्या कार्यालयाची तोडफोड झाली. तिचे समर्थन आम्ही तेव्हाही करू शकलो नसतो आणि आजही करत नाही.

त्या वादाला सर्वांत चांगले उत्तर पुढे एका व्यंगचित्रकारानेच दिले. उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवर त्या काळातल्या इंग्रजी वृत्तपत्रांत आलेली शंभराहून अधिक व्यंगचित्रे शोधून काढली, प्रत्येकात जात कशी डोकावते हे उलगडून दाखवले आणि २०१९ मध्ये 'नो लाफिंग मॅटर' हे पुस्तक आले. चित्र लपवून ठेवले असते तर हा अभ्यास झालाच नसता. आपल्या मुलांच्या चित्रांसाठी जे स्वातंत्र्य आपण मागतो, ते टोचणाऱ्या चित्रालाही द्यावे लागेल, आणि त्याला उत्तर देण्याची ताकद आपल्या मुलांच्या हातांत आणावी लागेल.

मोठ्यांचे काम

पल्फसचे चित्र शेवटी उतरले, तरी त्या सगळ्या दिवसांत तो एकटा नव्हता. त्याचा खासदार ते चित्र हातात घेऊन पुन्हा भिंतीकडे गेला आणि पुढे न्यायालयातही सोबत उभा राहिला. आपल्या वस्तीतल्या मुलीच्या चित्रावरून शाळेने पालकांना बोलावले, तर तिच्यासोबत कोण जाणार? तिच्या आईला त्या दिवशी रोज बुडवून जावे लागेल. मंडळाचा एखादा कार्यकर्ता, एखादी वकील ताई, निवृत्त शिक्षक अशा दोन-तीन जणांची नावे आधीच ठरलेली असतील, तर तिला आणि आईला त्या खोलीत एकटे बसावे लागणार नाही.

येत्या जयंतीच्या नियोजनाच्या बैठकीत डीजे आणि मंडपाच्या हिशेबासोबत आणखी दोन विषय घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. विद्यार्थ्यांच्या चित्रांसाठी विहाराची कोणती भिंत द्यायची, आणि त्या चित्रावरून बोलावणे आले तर मुलांसोबत कोण जायचे. दुसऱ्या विषयापुढे नाव लिहिल्याशिवाय बैठक संपवू नये.